पेटीतल्या बाईचं मत

आमच्या वाचनालयात पुस्तक नुसतं टेबलावर टाकून पळता येत नाही. मत द्यावं लागतं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी ही पद्धत पाडली. वाचक पुस्तक परत करायला आला की त्याला समोरच्या खुर्चीवर बसवायचं, "कसं वाटलं?" म्हणून विचारायचं आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत रजिस्टरमध्ये उतरवायचं. सुधारायचं नाही, गोड करायचं नाही, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा मला ही नसती कटकट वाटली होती. आर्णीसारख्या गावात आधीच वाचणारे मोजके, त्यात त्यांची उलटतपासणी कशाला? पण हळूहळू मला त्याची गोडी लागली. आता कुणी मत न देता सटकायला लागला तर मी त्याला दारातून परत बोलावते. माझा आवाज तसा रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत जातो.

एक भयकादंबरी दोन वर्षांपूर्वी नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आली. नाव सांगत नाही. काळं मुखपृष्ठ, त्यावर लाल पेटी. गोष्ट चार फिरत्या जादूगारांच्या एका मंडळीची. त्यांच्यातला मोठा जादूगार एका पोरीला पेटीत बसवतो आणि बाहेरून पेटीत तलवारी खुपसतो. दर खेळात पोरगी हसत बाहेर येते. एका खेळात येत नाही. ती आतून ठोकत असते, पण तो खेळाचाच भाग आहे असं सगळ्यांना वाटतं. मंडळी तिला गुपचूप पुरते, दुसरी पोरगी आणते, आणि मग पेटी रिकामी असली तरी आतून टकटक ऐकू यायला लागते. पुढे चारही जादूगारांचं काय होतं ते सांगत नाही, कुणाला वाचायची असेल तर.

महिनाभरात त्या पुस्तकानं रजिस्टरची पानं खाल्ली. पहिलं मत एसटीच्या कंडक्टरचं. हा माणूस दर आठवड्याला एक पुस्तक वाचतो आणि त्याला आवडलेलं प्रत्येक पुस्तक 'एक नंबर' असतं. "मॅडम, राळेगावची गाडी घेऊन चाललो होतो," तो म्हणाला. "मांगच्या शीटावरच्या बाईनं जेवणाच्या डब्यावर टकटक केलं. मी दचकून बेलच मारली. ड्रायवर म्हणे, इथं वावरात कायले थांबवतं बे? लिहा, लय भेव लागते. एक नंबर."

दुसरं मत निवृत्त गुरुजींचं. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशीच त्यांच्या घरातली सगळी भुतं गेली, असं ते नेहमी सांगतात, आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी इतरांच्या घरातली काढण्यात घालवली. त्यांनी चष्मा पुसला, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून सावकाश बोलले. "लेखकाला भूत आणल्याशिवाय गोष्ट पुढे नेता येत नसेल तर त्यानं लेखणी खाली ठेवावी. पोरांच्या डोक्यातून आम्ही जे बाहेर काढलं ते तुमच्या कपाटातून परत येत आहे, बाई." जाताना पुढचा भाग निघाला आहे का म्हणून विचारून गेले.

तिसरं मत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरीचं. ती सकाळी मैदानावर धावते आणि दुपारभर आमच्या अभ्यासिकेत गणितं सोडवते. कादंबरी तिनं गणिताच्या पुस्तकाखाली लपवून वाचली होती, ते मला दिसत होतं. "मले भेव नाही लागलं," ती म्हणाली. "राग आला. चार जादूगर हायत, अन् सगळ्यात आंधी मरते कोण, तर पोरगी. दरवेळी पोरगीच काहून मरते? अन् मेल्यावरच तिचं म्हणणं ऐकाचं का?"

माझं मत कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी मीच. मला पहिल्या साठ पानांत जांभया आल्या आणि पुढचं मी वाचनालयाच्या पायरीवर, उन्हात बसून संपवलं. घरी नेऊन वाचायची माझी हिंमत झाली नाही. भुताला मी भीत नाही. पण पेटीत बसणारी बाई माझ्या ओळखीची होती. ती माझी आई.

बाबा जादूगार होते. जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून खेळ करायचे. काळा कोट, तुरा लावलेला फेटा, एक पत्र्याची पेटी कबुतरांच्या आणि रुमालांच्या सामानाची, आणि दुसरी ती मोठी, लाकडी, सुटी करून एसटीच्या टपावर चढवलेली. पाटीवर लिहिलेलं असायचं 'जादूगार आणि पार्टी'. पार्टी म्हणजे आई आणि एक ढोलकीवाला. मी लहान होते तोपर्यंत मलाही सोबत नेत. मुख्याध्यापक मला पोरांच्या पहिल्या रांगेत बसवायचे. आई चमकीचा झगा घालून पेटीत शिरायची, झाकण पडायचं, बाबा एकेक तलवार आरपार घालायचे. युक्ती काय ती मला ठाऊक आहे, पण इथे सांगणार नाही. बाबा अजून आहेत आणि त्यांना ते चालणार नाही. एवढंच सांगते की ठाऊक असूनही, झाकण उघडून आई दोन्ही हात वर करून उभी राहीपर्यंत मी झाकणावरची नजर हलवत नसे. बाकीची पोरं जादूला टाळ्या वाजवायची. मी आई सापडली म्हणून वाजवायचे.

आता बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दोघं माझ्या घराला लागूनच्या दोन खोल्यांत राहतात. रोज संध्याकाळी पाचला बाबा वाचनालयात येतात, वर्तमानपत्र वाचतात आणि मग रजिस्टर मागून घेऊन गावाची मतं वाचतात. जादूगारांवर कादंबरी आली म्हटल्यावर त्यांनी ती दोन दिवसांत संपवली आणि खुर्चीवर येऊन बसले. मी विचारायच्या आतच सुरू झाले.

"खोटं! लिही. साफ खोटं. पेटीत बाई मरतच नाही. ह्या लेखकानं जिंदगीत पेटी पाह्यली नाही. कब्जे-बिजागऱ्या कुठं असतात, झाकण कोण्या बाजूनं उघडते, काही ठाऊक नाही त्याले. मी तीस वर्सं खेळ केला. माह्या पेटीतल्या बाईले येक ओरखडा आला नाही. लिहिलं का? येक ओरखडा. वाच बरं."

मी वाचून दाखवलं. ते समाधानानं हसले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर. मोबाईलवर पोरं सगळ्या युक्त्या उघड्या पाडतात, शाळा आता जादूगार बोलावत नाहीत, कबुतरं गेली, फेटा उंदरांनी खाल्ला. बाबांजवळ उरलं होतं ते हे एक वाक्य. ते खरं होतं म्हणून त्यांना रात्री झोप लागायची, असं मला वाटतं.

मग आईनं ती कादंबरी मागितली.

आई सातवीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचते. दुपारी बाबा झोपले की ती दारातल्या ओट्यावर बसायची, मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप, सुपात पुस्तक. पंधरा दिवस झाले, मी म्हटलं आवडत नसेल तर आण परत. म्हणाली, "दुसऱ्यांदा वाचून राह्यली." आईनं आयुष्यात कुठलंही पुस्तक दुसऱ्यांदा वाचलेलं नव्हतं, देवाचं सोडून.

ती पुस्तक परत करायला आली ती बरोबर दुपारी दोनला, टेबलाशी माझ्याशिवाय कुणी नसताना. लेकीकडे आल्यासारखी आली नाही. पदर नीट केला, वाचकाच्या खुर्चीवर बसली, आणि मी रजिस्टर उघडायची वाट पाहिली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"लिही," आई म्हणाली. "पेटीतलं सगळं खरं हाय."

माझा पेन थांबला. ती थांबली नाही.

"भूतबीत मले माहीत नाही. पण पेटीतलं खरं हाय. गुडघे छातीले लागतात अन् श्वास अर्धाच घेता येते ते. बाहेर टाळ्या वाजतात त्या दुसऱ्याच्या घरी वाजून राह्यल्या वाटते, ते. जे माणूस पेटीत बसलं नाही त्याले हे लिहिता येत नाही. ह्या लेखकाले कोण्या बाईनं सांगितलं असंन." मग तिनं आवाज खाली केला. "अन् ठोकणंही खरं हाय. ते पोरगी ठोकते अन् कोणाले समजत नाही. मी राजूरले ठोकली होती."

आणि आईनं मला राजूरची गोष्ट सांगितली, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

पेटी बनली तेव्हा आई एकोणीस वर्षांची, नवीन लग्न झालेली. सुतारानं तिला जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसवलं, दोरीनं मापं घेतली आणि अगदी तिच्या बेताची पेटी केली. मग मी झाले, माझा भाऊ झाला. आई भरली. पेटी तेवढीच राहिली. दर खेळाला आई स्वतःला थोडी जास्त घडी घालून आत बसायला लागली. बाबांच्या ध्यानात आलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

"काहून नाही सांगितलं?" मी चिडूनच विचारलं. मला अशा बायकांचा राग येतो, आणि त्यातली पहिली माझी आईच.

"सांगतली असती तर त्याहीनं दुसरी पोरगी आणली असती पेटीत," आई म्हणाली. "मंगं मले घरी बसवलं असतं. मले त्याहीच्या संगं फिराचं होतं." आणि सत्तरीची ती बाई माझ्यासमोर चक्क लाजली.

खूण एकच ठरलेली होती. आत नीट बसलं की आईनं आतून ठोकायचं. एक ठोका म्हणजे तयार, घाला तलवार. राजूरला कोळशाच्या खाणीजवळच्या एका शाळेत खेळ होता, ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा. झाकण पडलं आणि आईच्या पायात गोळा आला. श्वास लागेना. तिनं ठोकलं. बाबांनी पहिली तलवार घातली. तिनं आणखी ठोकलं, दोन्ही हातांनी ठोकलं. ढोलकीवाल्याला वाटलं ताल मागते आहे, त्यानं ढोलकी वाढवली. बाबांना वाटलं आज ही रंगात आली आहे, लवकर घाला म्हणते आहे, तर त्यांनी हात चालवला. 'तयार'साठी ठोका ठरला होता. 'तयार नाही'साठी कधी काही ठरवलंच नव्हतं. तशी वेळ येईल हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

"मंगं?"

"मंगं काय? झाकण उघडलं. उभी राह्यली. येका पायावर, पण राह्यली. हसली. घरी जाताना ते म्हणे, आज तू लय मस्त हसली." आई रजिस्टरकडे बघत होती. "कादंबरीतली मेल्यावर ठोकते. मी जिती असताना ठोकली. येवढाच फरक. लिहिलं का?"

मी मान हलवली. ती उठून गेली.

मी लिहिलं नव्हतं. पेन हातात धरून मी बसून राहिले. पाचला बाबा येणार, रजिस्टर मागणार. त्यांच्या 'येक ओरखडा' या वाक्याखाली चार ओळी सोडून हे सगळं, त्यांच्याच लेकीच्या अक्षरात. म्हातारा माणूस, आदल्याच वर्षी छातीत कळ येऊन गेलेली. मी आईच्या नावापुढे लिहिलं, 'छान आहे.' बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाचं मत मी पहिल्यांदा बदललं, आणि ते आईचं. बाबांनी संध्याकाळी ते वाचलं आणि म्हणाले, "तिले काय समजते? तिले सगळंच छान वाटते."

आई रजिस्टर बघेल असं मला वाटलं नव्हतं. ती तीन-चार दिवसांनी माझा डबा घेऊन आली, मी कपाटाशी होते, तेवढ्यात तिनं पान काढलं. बोट ठेवून वाचलं. दोनच शब्द होते, तरी तिनं सावकाश वाचले.

"आई, बाबांले त्रास होईन म्हणून..."

"हाव," ती म्हणाली. "राजूरचं मीही तेवढ्यासाठीच झाकली होती. तूही झाकण लावलं."

मला रडू फुटलं. वाचनालयात, भरदुपारी, आत अभ्यासिकेत पोरं बसलेली असताना. मी पेन उचलून ते दोन शब्द खोडायला लागले तर तिनं माझा हात धरला. "आता राहू दे. मी सांगीन माह्या तोंडानं." कधी, कुणाला, ते बोलली नाही. डबा ठेवून गेली. डब्यात माझ्या आवडीची आंबट चुक्याची भाजी होती, ती मी तशीच परत नेली.

नेमकं त्याच महिन्यात आमच्या कार्यकारिणीनं ठरवलं की एवढी मतं आलेल्या पुस्तकावर रविवारी सकाळी चर्चा ठेवू. आणि अध्यक्ष कोण, तर गावातले ज्येष्ठ जादूगार. बाबांनी आठ दिवस आधीपासून कोट उन्हात घातला. मी मात्र चर्चा पुढे ढकलायची कारणं शोधत होते. आई येणार हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

पंधरा-सोळा माणसं आली. कंडक्टर सुटी टाकून आला होता. गुरुजींनी टिपणं आणली होती. बाबा पाऊण तास बोलले आणि खरं सांगते, झकास बोलले. लेखकाची एकेक चूक काढली, मध्येच गुरुजींच्या कानामागून खडू काढून दाखवला, लोक हसले. शेवटी ते वाक्य आलं. "तीस वर्सं! माह्या पेटीतल्या बाईले येक ओरखडा आला नाही." टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर भरतीची पोरगी उभी राहिली. तिला कशाचीच कल्पना नव्हती. तिनं फक्त तेच केलं जे इतक्या वर्षांत गावात कुणाला सुचलं नव्हतं. "काका, तुमच्या पेटीत काकूच बसत होत्या ना? मंगं काकूले विचारू ना. काकू, तुमाले कशी वाटली कादंबरी?"

सगळ्या माना वळल्या. आई शेवटच्या रांगेत होती. ती उठली, समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "मले लय आवडली," ती म्हणाली. "पेटीतलं खरं लिहिलं हाय." आणि मग तिनं राजूरचं सांगितलं. मला सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात, न रडता, कुणाला बोल न लावता. पेटी लहान झाली होती. पायात गोळा आला. मी ठोकत होती. खूणच तशी होती, म्हणून त्याहीले समजलं नाही.

बाबा टेबलामागे उभे होते, हातात अजून तो खडू. "राजूरले?" ते म्हणाले. "राजूरले तर तू हसली होती वं."

"हसाचं होतं ना," आई म्हणाली. "शो होता."

बाबा खाली बसले. खडू टेबलावर ठेवला, मग उचलून खिशात घातला. गुरुजींनी प्रसंग सांभाळला, आभार मानले, चहा आला. कंडक्टर जाता जाता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, माहं मत बदलता येते का? एक नंबर लिहिलं तुमी. तसं नव्हतं म्हणाचं मले." मी म्हटलं, दिलेलं मत बदलत नाही. आणि मग जीभ चावली.

चार दिवस बाबा वाचनालयात आले नाहीत. घरातही बोलले नाहीत. रागावले होते असं आधी मला वाटलं. तिसऱ्या दिवशी मी भाजी द्यायला गेले तर मागच्या खोलीत पेटीवरची गाद्यांची चळत खाली काढलेली, आणि बाबा शिवणाच्या टेपनं पेटी आतून मोजत होते. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मला बघून टेप गुंडाळली. त्यांचे डोळे लाल होते. त्या चार दिवसांत आई मात्र रोजच्यासारखी वागत होती, त्यांना वेळेवर गोळ्या देत होती आणि गोळी घेईपर्यंत समोर उभी राहत होती.

चौथ्या दिवशी जेवताना ते बोलले. मी वाढत होते.

"तवा सांगितलं काहून नाही?"

"तुमी विचारलं काहून नाही?" आई म्हणाली. भांडणाचा आवाज नव्हता. तिनं त्यांच्या भाकरीवर तेल घातलं.

बाबांनी घास खाली ठेवला. हात छातीवर ठेवला. मला वाटलं आता कळ येते की काय, मी उठलेच होते. "आता विचारतो," ते म्हणाले. "काय देऊ तुले? काय करू? सांग."

"आता ह्या वयात काय देता? जेवा."

"नाही, सांग."

आईनं ताटातलं मीठ बोटानं सारखं केलं. मग म्हणाली, "साऱ्या जिल्ह्यानं तुमचा खेळ पाह्यला. राळेगावनं पाह्यला, राजूरनं पाह्यला, हे पोरगी पहिल्या रांगेत बसून पाहे. मी येकदाही नाही पाह्यला. मी येक तर आत राहो, नाही तर तुमच्या मांगं."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाबांच्याही नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अंगणात खेळ झाला. मी वाचनालयातून तीन तास लवकर निघाले, बावीस वर्षांत दुसरा गुन्हा. आईनं वेणी घातली होती, चांगलं पातळ नेसली होती. मी तिच्याशेजारी खुर्ची मांडायला लागले तर म्हणाली, "तू मांगं बस. तू लय पाह्यला." बाबांनी कोट घातला होता. फेटा नव्हता, तर डोक्याला आईचाच एक रेशमी रुमाल बांधला होता. मोठी पेटी बाहेर काढली नव्हती. पत्र्याची तेवढी होती.

दोरी कापून जोडायची ती जोडली गेली, पण गाठ आम्हा दोघींनाही दिसली. कागदाची फुलं निघाली, निम्मी बाहीतच अडकली. बाबा तरी थांबले नाहीत, पूर्वीसारखं मोठ्यानं बोलत राहिले. "मेहेरबान, कदरदान" म्हणत, समोर एकटी बाई बसलेली असताना. आई हनुवटीला हात लावून बघत होती. ज्या युक्त्यांचे रुमाल तिनं स्वतः शिवले होते, ज्यांची दोरी तिनं स्वतः मेण लावून ठेवली होती, त्या ती डोळे मोठे करून बघत होती.

मग चेंडूची जादू आली आणि लाल चेंडू बाबांच्या बोटांतून निसटला. घरंगळत येऊन आईच्या पायाशी थांबला. आईचा हात आपोआप खाली गेला. तीस वर्षं असं पडलेलं सामान लोकांच्या लक्षात यायच्या आत उचलून लपवणं हेच तर तिचं काम. हात अर्ध्यावर थांबला. तिनं तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"तुमीच उचला," ती म्हणाली. "मी पाहाले आली हाय."

बाबा गुडघे धरत धरत वाकले, चेंडू उचलला, आणि जादू पहिल्यापासून पुन्हा केली. या वेळी जमली. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. आईनं टाळ्या वाजवल्या. एकट्या बाईच्या टाळ्या अंगणात कितीशा ऐकू येणार, पण तिनं त्या बाबा वाकून नमस्कार करीपर्यंत वाजवल्या. मी मागे बसून डोळे पुसत होते आणि नाक ओढल्याचा आवाज होऊ नये म्हणून तोंडात पदर धरला होता.

बाबा धापा टाकत तिच्यासमोर येऊन उभे राहिले. एवढी माणसं, एवढ्या शाळा, पण कुणासमोर मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

आईनं त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. घाई केली नाही.

"पुढून बरे दिसता तुमी," ती म्हणाली.